कोरड्या डोंगरातली एकट्याची रात्र

दूर पायी जाणे मराठी माणसाला नवीन नाही. पंढरीची वारी आणि नर्मदेची परिक्रमा या दोन वाटा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दोन्हींत माणूस कित्येक दिवस चालतो, रात्री घराबाहेर काढतो, ऊन-पाऊस सोसतो. मात्र पाण्याची काळजी त्याला एकट्याला वाहावी लागत नाही. वारकऱ्याच्या मागेपुढे दिंडी असते, वाटेवरची गावे पाणी घेऊन उभी असतात, आता टँकरही सोबत चालतात. परिक्रमावासी एकटा निघाला तरी नर्मदा त्याच्या उजव्या हाताला असते आणि किनाऱ्यावरच्या गावांत सदावर्ते असतात. एकाला समाज पाणी देतो, दुसऱ्याला नदी.

गेल्या काही दशकांत चालण्याचा एक तिसरा प्रकार आपल्याकडे रुजला. त्याला तरुण मंडळी ‘सोलो’ म्हणतात. पाठीवर सॅक, तीत अंथरूण, शिधा आणि पाणी. सोबत कोणी नाही. एक रात्र डोंगरावर आणि दुसऱ्या दिवशी परत. नागपूरच्या सदर किंवा धरमपेठेतला मुलगा रात्रभराच्या रेल्वेने इगतपुरी गाठतो आणि तिथून सह्याद्रीतल्या एखाद्या गडाची वाट धरतो. घरातल्या मोठ्यांना यात धोका दिसतो तो काळोखाचा आणि बिबट्याचा. जाणाऱ्याला हा धाडसाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात पहिली एकट्याची रात्र निभावते किंवा बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यावर आणि पाण्याविषयी घेतलेल्या निर्णयांवर. दिंडी आणि नदी ही दोन्ही सोडून निघालेल्या माणसाने त्यांचे काम स्वतःच्या पाठीवर घेतलेले असते. ते काम नेमके किती वजनाचे आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

वाळू नसलेले वाळवंट

वाळवंट म्हटले की वाळू डोळ्यांपुढे येते. भूगोलात मात्र वाळवंट ठरते ते पाण्याच्या जमाखर्चावरून. पडणाऱ्या पावसापेक्षा हवेची पाणी शोषून घेण्याची ताकद जिथे कितीतरी अधिक, तो प्रदेश वाळवंटी. लडाखमध्ये वाळू थोडी आणि दगड फार. पण लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणून ते थंड वाळवंट.

या व्याख्येने पाहिले तर महाराष्ट्रातले डोंगर वाळवंटी ठरायला नकोत. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. पण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले महिने जमाखर्चाची बाजू उलटी होते. नवतपाच्या दिवसांत नागपुरात काय होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले आहे. त्या दिवसांत सातपुडा काय किंवा सह्याद्रीचा घाटमाथा काय, पाण्याच्या दृष्टीने हंगामी वाळवंटच असतो.

पावसाळ्यात धबधब्यांनी भरलेला डोंगर सहा महिन्यांत इतका कोरडा का पडतो, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. यातला घट्ट बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. वाळूच्या खडकात असतात तशी छिद्रे त्यात जवळजवळ नसतात, त्यामुळे तो पाणी पोटात साठवत नाही. पाणी मुरते ते भेगांतून, झिजलेल्या सच्छिद्र थरातून आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सांध्यातून. उभ्या कड्यावर पडलेला पाऊस मुरण्याआधीच वाहून जातो.

ही रचना पाहायला नागपूरकरांना सह्याद्रीपर्यंत जाण्याची गरज नाही. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपुरातूनच जाते. सदरच्या दक्षिणेला असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये दबलेला गाळाचा थर आहे. पश्चिमेकडच्या टाकळी भागात अशाच मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. म्हणजे दोन लाव्हा वाहण्याच्या मधल्या काळात तिथे तळी होती. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूर परिसराचा हा भूगर्भ जगापुढे मांडला. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यातले एक नाव आजही रोजच्या बोलण्यात आहे.

डोंगरात चालणाऱ्याला या थरांचे ज्ञान उपयोगी पडते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लालसर मातीचा पट्टा दिसतो. वरून भेगांतून उतरलेले पाणी या पट्ट्याशी अडते आणि आडवे होऊन बाहेर झिरपते. कड्याच्या पोटात एका ओळीत हिरवळ, उंबर किंवा शेवाळ दिसले तर तिथे असा सांधा असण्याची शक्यता असते. मात्र हा झरा फाल्गुनानंतर टिकेलच असे नाही. नकाशावर ‘पाणी’ असे लिहिलेले असते; ते कोणत्या महिन्यात, हे लिहिलेले नसते.

पोढी, टाके, रांजण

खडक पाणी धरत नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी खडकच कोरला. जो दगड पाणी आत घेत नाही, तो पाणी बाहेरही जाऊ देत नाही. घट्ट बेसाल्टात खोदलेले टाके म्हणजे न गळणारे भांडे. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यासाठी ‘पोढी’ हा शब्द येतो, आणि ती दान म्हणून खोदवून दिल्याचे उल्लेख आहेत. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात नागनिकेचा शिलालेख असलेले लेणे आहे, आसपास पाण्याची टाकी आहेत आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण असल्याचे परंपरा सांगते. घाट चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला पाणी लागणारच, हे धरून ही वाट आखलेली होती.

किल्ल्यांच्या काळात हाच विचार शास्त्राच्या पातळीवर गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणात पाण्याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. ते नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून त्या एकावरच विसंबू नये. युद्धाच्या काळात झरे आटतात, खर्च वाढतो, म्हणून साठ्याचे पाणी वेगळे राखावे. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे लेखन आहे. आज एकट्याने डोंगरात जाणाऱ्याला जगभरचे जाणकार जो पहिला नियम सांगतात तो हाच: पाण्याच्या एका जागेवर विसंबू नका, आणि राखीव पाणी मोजात धरू नका.

दूरच्या वाळवंटातही हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात निसर्गानेच कोरलेल्या पाण्याच्या कुंड्या आहेत. त्या जागेचे नाव ‘तिनाहास आल्तास’. स्पॅनिशमध्ये तिनाहा म्हणजे मातीचा मोठा रांजण; ‘उंचावरचे रांजण’ असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रातल्या खळग्यांना रांजणखळगे म्हणतात. पृथ्वीच्या दोन टोकांना दगडात साठलेल्या पाण्याला माणसांनी एकाच भांड्याचे नाव दिले.

याच तिनाहास आल्तासजवळ १९०५ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. जे. मॅगी हा शास्त्रज्ञ मुक्कामाला होता. एका पहाटे त्याला गुरासारखा हंबरण्याचा आवाज आला. शोध घेतल्यावर सापडला तो पाब्लो व्हॅलेन्सिया नावाचा, सोन्याच्या खाणीच्या शोधात निघालेला माणूस. त्याचा सोबती घोडे घेऊन पाणी आणायला मागे वळला होता आणि दोघांची चुकामूक झाली होती. पाब्लोजवळ जेमतेम एका दिवसाचे पाणी होते. तो जवळपास आठवडाभर त्या उन्हात राहिला. त्याचे ओठ आणि त्वचा सुकून गेली होती, नजर आणि ऐकणे जवळजवळ गेले होते. मॅगीने त्याला वाचवले आणि पुढच्या वर्षी तहानेचा एक रोग म्हणून अभ्यास मांडला. पाब्लो चालण्यात कच्चा नव्हता, रानही त्याला अनोळखी नव्हते. सोबती दूर गेला त्या क्षणी दोघांसाठी केलेला पाण्याचा बेत एकट्याचा झाला, आणि तो एकट्याला पुरणारा नव्हता.

शरीराचा खर्च

चढणीवर चालताना शरीरात तासाला चार-पाचशे किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तेव्हा काही उष्णता तशीच निघून जाते. हवा चाळिशीच्या घरात गेली की घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे उन्हाळ्यातल्या एका तासाच्या चढाईची किंमत साधारण एक लिटर पाणी, आणि अंगावर पडणारे ऊन त्यात भर घालते.

कोकणच्या दमट हवेत घाम अंगावर निथळतो, म्हणून किती पाणी गेले हे दिसते. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो आल्या-आल्या सुकतो. सदरा कोरडाच राहतो, कॉलरवर मिठाची पांढरी रेघ उमटते तेवढीच. त्यामुळे ‘आपल्याला फारसा घाम येत नाही’ असा समज होतो. त्यात तहानही मागून येते. साठ किलोच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी गेले की, म्हणजे वजनाच्या दोन टक्के तूट झाली की, दम लवकर लागतो आणि चिडचिड वाढते. याहून पुढे गेले की विचार मंदावतो. चौघांत असताना कोणीतरी ‘अरे, बस जरा, पाणी पी’ म्हणतो. एकट्याला ते म्हणणारा नसतो, आणि ज्या डोक्याने ते ओळखायचे, तेच आधी मंदावलेले असते.

आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की सवयीने पाण्याची गरज कमी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ई. एफ. ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात सैनिकांवर केलेल्या अभ्यासाने ती खोडून काढली. १९४७ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. उन्हाची सवय झालेल्या शरीराला घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. त्यातले मीठ तेवढे कमी होते. म्हणजे सवय झालेला माणूस उन्हात अधिक सुरक्षित असतो, पण त्याला पाणी कमी लागत नाही. बाटलीत राखून ठेवलेले पाणी उपयोगाचे नसते, हेही त्यांनी दाखवले. पाणी पोटात असेल तरच काम करते. घोटाघोटाने जपत राहून भरलेल्या बाटलीसह कोसळण्यापेक्षा तहानेप्रमाणे प्यावे आणि घाम वाचवावा: भर दुपारी चालू नये, सावलीत बसावे, अंग झाकावे. नागपुरात डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात त्यामागे हेच शास्त्र आहे. खिशातल्या कांद्याने मात्र शरीराचे तापमान उतरत नाही.

नुसते पाणी भराभर पिणेही धोक्याचे. घामातून मीठ गेलेले असताना लिटरमागून लिटर साधे पाणी प्यायले की रक्तातला सोडियम पातळ होतो. डोकेदुखी, मळमळ, भ्रम सुरू होतो. ही लक्षणे उष्माघाताशी मिळतीजुळती असल्याने माणूस आणखी पाणी पितो. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, कैरीचे पन्हे, खारे शेंगदाणे या आपल्या सवयी इथे कामी येतात.

आपला खर्च किती, हे घरीच मोजता येते. सदरहून सेमिनरी हिल्सच्या चढावर तासभर वजन घेऊन चालायचे. जाण्यापूर्वी आणि आल्यावर, अंग पुसून, वजन करायचे. जेवढे किलो कमी भरले तेवढे लिटर, अधिक वाटेत प्यायलेले पाणी, हा आपला तासाचा आकडा. तो दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा दुप्पटही असू शकतो. पहिल्या मुक्कामाआधी हा प्रयोग वेगवेगळ्या हवेत दोन-तीनदा केलेला बरा.

सॅकेतले गणित

आता हिशोब मांडू. मार्गशीर्षातली थंडी आहे. दुपारी निघून तीन तासांची चढण, वर मुक्काम, सकाळी दोन तासांत उतरणे. चढताना दोन लिटर, संध्याकाळ आणि रात्र मिळून एक, स्वयंपाक-चहाला एक, उतरताना एक, झाले पाच. राखीव दीड धरले की साडेसहा लिटर. पाण्याचे वजन लिटरला एक किलो, म्हणजे साडेसहा किलो पाणीच.

हाच बेत चैत्रात केला तर चढण तीन लिटर मागते, रात्र दीड, उतरण दीड, स्वयंपाक एक, राखीव दोन. नऊ लिटर. अंथरूण, गरम कपडे, शिधा, भांडे, चूल, टॉर्च, औषधे मिळून सात-आठ किलो होतात. एकूण ओझे सोळा-सतरा किलो. नवख्याने आपल्या वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. साठ किलोच्या माणसाला तो पंधरावर थांबवतो. आणि ओझे वाढले की घाम वाढतो, घाम वाढला की पाणी. गणित तिथेच फसते. चौघे असतील तर चूल, भांडी, दोर, औषधे वाटली जातात. एकट्याला वाटणी नाही. म्हणून वर खात्रीचे पाणी नसलेल्या डोंगरावर उन्हाळ्यात पहिला एकट्याचा मुक्काम करू नये. हा निष्कर्ष वजनकाट्यावरचा आहे. कोणाच्या हिमतीशी त्याचा संबंध नाही.

हिशोब हलका करण्याचे काही मार्ग आहेत. स्वयंपाक वर न करता दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे असा तयार शिधा घ्यावा. एक लिटर वाचतो. पाणी कमी असेल तर खाणेही आवरावे, कारण पचनालाही पाणी लागते. पायथ्याच्या गावात पोटभर पाणी पिऊनच निघावे, आणि तिथेच विचारावे की वरच्या कोणत्या टाक्यात सध्या पिण्याजोगे पाणी आहे. गुराख्याचे उत्तर कोणत्याही नकाशापेक्षा ताजे असते. टाक्याचे पाणी दुहेरी कापडातून गाळून उकळावे किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास ठेवावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

रात्र

कोरडा डोंगर दिवसा जितका तापतो तितकाच रात्री भरभर निवतो. जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते. दमट हवेतले बाष्प आणि ढग तिला अडवतात, कोरडी निरभ्र हवा अडवत नाही. पौष-माघात घाटमाथ्यावर पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो. थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत खोलगट जागेत साचते. त्यामुळे सर्वांत खालची सपाटी आणि उघडा माथा या दोन्हींपेक्षा मधली, वाऱ्याला आडोसा असलेली जागा उबदार. दिवसभर तापलेला कातळ बराच वेळ ऊब देतो.

झोपण्याची जागा अंधार पडण्यापूर्वी पाहावी. कपारीत वर आग्या मोहोळ नाही ना, हे पाहून मगच चूल पेटवावी. धुराने उठलेल्या माश्यांपुढे एकट्याचे काही चालत नाही. दगडांच्या सांदीत हात घालू नये, फुरसे अशाच जागी असते आणि रात्री हिंडते. सकाळी बूट झटकून घालावेत. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी कितीतरी माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवल्यावर ते मृत्यू फार कमी झाले. पण औषध दवाखान्यात असते; एकट्याला आधी तिथवर पोहोचावे लागते.

विदर्भातल्या वाचकासाठी एक वेगळी गोष्ट. गाविलगड आणि नरनाळा हे आपले जवळचे डोंगरी किल्ले मेळघाटच्या रानात आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या रानात एकट्याने रात्र काढणे हा बेतच नव्हे. इतरत्रही अनेक गडांवर मुक्कामाला बंदी असते. पायथ्याला चौकशी करून, परवानगी असेल तिथेच राहावे. दऱ्याखोऱ्यांत भटकंती केलेले आणि गडकोटांवर प्रेम करायला मराठी वाचकाला शिकवणारे गो. नी. दांडेकर परतवाड्याचे, गाविलगडाच्या पायथ्याशी जन्मलेले. त्यांच्या काळातले मोकळे रान आज तसे उरलेले नाही.

कोरड्या ओढ्याचे पाणी

कोरड्या मुलखात तहानेइतकाच धोका पुराचा, हे ऐकायला विचित्र वाटते. कारण मात्र तेच आहे. जो खडक पाणी मुरू देत नाही, तो पडलेला सगळा पाऊस क्षणात ओढ्यात सोडतो. डोंगराच्या पलीकडे पडलेला पाऊस अलीकडच्या कोरड्या पात्रात लोंढा होऊन येतो. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली. वर्षाला शंभर मिलिमीटर पावसाच्या त्या प्रदेशात दोनशेहून अधिक माणसे पाण्याने आणि चिखलाने घेतली.

नागपूरजवळचे उदाहरण आणखी जुने आहे. भूगर्भाचा अभ्यास करताना ज्याने इथल्या टेकड्या पायाखाली घातल्या, त्या हिस्लॉपचा मृत्यू ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाटची शिलावर्तुळे उकरली जात होती. ती पाहायला तो मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर गेला होता. त्यानंतर बोरी परिसरात घोड्यावरून एकटाच जात असताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. अठरा वर्षे या मुलखात वावरलेला, इथला खडक बहुतेकांपेक्षा जास्त ओळखणारा माणूस एका ओढ्यात गेला. ज्ञानाने ओढ्याचे पाणी उतरत नाही, थांबल्यानेच उतरते. म्हणून कोरड्या पात्रात, वाळू कितीही मऊ असली तरी, अंथरूण घालू नये. चढलेला ओढा एकट्याने ओलांडू नये. आपल्याकडचे लहान ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतात. लडाखमध्ये हिमनद्यांचे नाले दुपारनंतर फुगतात आणि पहाटे सर्वांत कमी असतात, म्हणून ते सकाळी ओलांडतात.

एकट्याचा निर्णय

एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा अमेरिकन तरुण युटाच्या वाळवंटातल्या एका घळईत एकटा उतरला. एक शिळा सरकून त्याचा हात अडकला. कोठे चाललो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे कोणी शोधायला येणार नव्हते. थोड्याशा पाण्यावर पाच दिवस काढून अखेर स्वतःचा हात कापून तो सुटला. त्याच्यावरचा सिनेमा अनेकांनी पाहिला आहे. पाहणारे थक्क होतात ते त्याच्या जिद्दीने. पण घरी ठेवलेल्या एका चिठ्ठीने ही वेळ टळली असती, याकडे कमी लक्ष जाते.

आपल्याकडेही असे घडते. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एकटा गेलेला एक तरुण वाट चुकला. वाट चुकल्याचा निरोप त्याने फोनवरून दिला, नंतर संपर्क तुटला. शिवदुर्ग मित्रच्या कार्यकर्त्यांनी आणि इतर पथकांनी शोध घेतला. चौथ्या दिवशी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. महिना मे होता.

चार जणांच्या गटात निर्णय वादातून होतात आणि वादात चुका गळतात. एकट्याला ही चाळणी नसते, म्हणून काही निर्णय घरीच, डोके थंड असताना, घेऊन निघावे लागतात. पहिला, परतीचा: निम्मे पाणी संपेपर्यंत पुढचे खात्रीचे पाणी दिसले नाही तर मागे फिरायचे, माथा कितीही जवळ असो. दुसरा, वेळेचा: सूर्यास्ताच्या तासभर आधी जिथे असू तिथे थांबायचे. तिसरा, निरोपाचा: कोणता डोंगर, कोणती वाट, कोणत्या वेळी परत, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून घरच्यांजवळ आणि पायथ्याच्या गावात एकाजवळ ठेवायचे. चौथा, वाट चुकल्यावरचा: खाली उतरत राहायचे नाही. सह्याद्रीत पाण्याच्या वाटेने खाली उतरणारा माणूस कड्यावर येऊन अडकतो. तो वरही येऊ शकत नाही. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यायचे, नाहीतर तिथेच सावलीत बसायचे.

पहिल्या वेळी डोंगरही ओळखीचाच निवडावा. मित्रांबरोबर दोनदा जाऊन आलेला, टाक्यांची जागा माहीत असलेला, पायथ्याला वस्ती असलेला. एका वेळी एकच गोष्ट नवीन असावी, आणि ती एकटेपण ही पुरेशी आहे. काळही निवडावा. दिवाळीपासून पौषापर्यंत टाकी भरलेली असतात, ऊन सोसवते आणि आकाश निरभ्र असते. पौर्णिमेच्या आसपास गेले तर मावळतीलाच चंद्र उगवतो आणि रात्रभर सोबत करतो. या अंकाचे वाचन संपेल तेव्हा तो काळ नुकताच सुरू झालेला असेल.

शेवटची गोष्ट टाक्यांची. ज्यांच्या भरवशावर हा सगळा हिशोब उभा आहे, ती कित्येक टाकी आज गाळाने, बाटल्यांनी, प्लास्टिकच्या पत्रावळींनी भरलेली आहेत. काही संस्थांची मुले सुट्टीच्या दिवशी घमेली घेऊन गाळ उपसतात, तेव्हा एखादे टाके पुन्हा जिवंत होते. जे उपसले जात नाही ते उन्हाळ्याआधीच आटते, आणि त्या डोंगरावरचे वाळवंट एक-दोन महिने लवकर सुरू होते. ते माणसाला जाणवते तसे माकडांना, पाखरांना आणि पायथ्याच्या गुरांनाही. मुक्कामाला गेलेल्याने टाक्यात पाय घालू नये, साबण लावू नये, भांडी त्यात बुचकळू नयेत. भांड्याने पाणी काढून दूर नेऊन वापरावे. जुन्नरच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पोढी खोदवून दिली, त्यांना आपण ओळखत नाही, तेही आपल्याला ओळखत नव्हते. तरीही एकट्याने चढून गेलेल्या माणसाच्या ओंजळीत जे पाणी येते, ते त्यांनी ठेवलेले असते. पुढच्या माणसासाठी ते तसेच ठेवून उतरणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.